विमानतळ किती धोक्याचा, हे कसे ताडून पाहावे

‘जगातील दहा सर्वांत धोकादायक विमानतळ’ अशा याद्या सर्वांनीच कधी ना कधी वाचलेल्या असतात. त्यांत नेपाळमधले लुक्ला असते, भूतानमधले पारो असते, पोर्तुगालच्या माडेरा बेटावरचे फुंशाल असते आणि पुष्कळदा आपले लेह किंवा मंगळूरही असते. कडा, दरी किंवा समुद्र ज्या छायाचित्रात उठून दिसतो, तो विमानतळ यादीत वर जातो. इटलीतल्या मिलान शहराचे लिनाते हे विमानतळ मात्र अशा यादीत कधी दिसणार नाही, कारण ते सपाट प्रदेशात, एका श्रीमंत शहराच्या कडेला आहे. तेथे ८ ऑक्टोबर २००१ रोजी दाट धुक्यात एक छोटे खासगी विमान चुकीच्या टॅक्सीवेने, म्हणजे धावपट्टीला जोडणाऱ्या रस्त्याने, धावपट्टीवर आले आणि उड्डाणासाठी वेग घेतलेल्या प्रवासी विमानाची त्याला धडक बसली. त्यात ११८ माणसे गेली. जमिनीवरची विमाने दाखवणारे रडार त्या काळात बंद होते आणि टॅक्सीवेवरच्या खुणा अपुऱ्या होत्या. पारोला डोंगरांच्या अरुंद खोऱ्यातून वळसे घेत उतरावे लागते, तरीही तेथे प्रवासी जेट विमानाचा जीवघेणा अपघात झालेला नाही.

म्हणून दोन विमानतळांची तुलना करताना कोणता विमानतळ भीतिदायक दिसतो, हा प्रश्न बाजूला ठेवावा. त्याऐवजी असे विचारावे की वैमानिकाची चूक झाली, पाऊस कोसळला, वारा फिरला किंवा यंत्र बिघडले, तर सावरायला तेथे किती जागा आणि किती वेळ उरतो, आणि तो उरावा म्हणून तेथे कोणते नियम खरोखर पाळले जातात. पुढे दिलेली पद्धत या एकाच प्रश्नाची फोड आहे. ती वापरायला वैमानिक असण्याची गरज नाही. थोडा वेळ आणि सरकारी कागद वाचण्याचा संयम असला म्हणजे पुरे.

अपघात मोजून काही कळत नाही

सर्वांना प्रथम सुचणारा मार्ग म्हणजे प्रत्येक विमानतळावर किती अपघात झाले ते मोजणे. हा मार्ग जवळजवळ निरुपयोगी आहे. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या, म्हणजे आयकाओच्या, आकडेवारीनुसार नियमित प्रवासी सेवेत दर दहा लाख उड्डाणांमागे २०२३ मध्ये १.८७ आणि २०२४ मध्ये २.५६ अपघात झाले, आणि यात कोणाचाही जीव न गेलेले अपघातही धरलेले आहेत. दर दहा लाखांमागे दोन असा दर घेतला, तर वर्षाला वीस हजार उड्डाणे होणाऱ्या विमानतळावर सरासरीने पंचवीस वर्षांत एक अपघात अपेक्षित ठरतो. तेव्हा वीस वर्षांत तेथे काहीच घडले नाही, एवढ्यावरून तो सुरक्षित ठरत नाही. आणि एक अपघात झाला म्हणून तो वाईटही ठरत नाही. आकडा इतका लहान आहे की नशिबाचा भाग आणि व्यवस्थेचा भाग त्यातून वेगळे काढता येत नाहीत.

अपघातांची संख्या सोडून त्यांचे अहवाल वाचावेत. भारतातल्या अपघातांचे अहवाल विमान अपघात तपास ब्युरोच्या संकेतस्थळावर मिळतात. प्रत्येक अहवाल वाचताना एकच कसोटी लावावी: हीच चूक किंवा हाच बिघाड दुसऱ्या विमानतळावर झाला असता, तर परिणाम तोच झाला असता का?

१२ जून २०२५ रोजी अहमदाबादहून लंडनला निघालेले विमान उड्डाणानंतर काही क्षणांत कोसळले. दोन्ही इंजिनांचे इंधन नियंत्रित करणारे स्विच उड्डाणानंतर लगेच ‘बंद’ स्थितीत गेले होते, असे प्राथमिक अहवाल सांगतो. हे कोणत्याही विमानतळावर घडले असते, तरी विमान वाचणे अवघड होते. त्यामुळे अहमदाबादच्या धावपट्टीबद्दल हा अपघात जवळजवळ काहीच सांगत नाही. विमान वैद्यकीय महाविद्यालयाच्या वसतिगृहावर पडून जमिनीवरची १९ माणसे दगावली, ती बाब मात्र उड्डाणमार्गाखालच्या वस्तीशी निगडित आहे. याउलट २६ एप्रिल १९९३ रोजी औरंगाबादच्या चिकलठाणा विमानतळावर काय झाले ते पाहा. भरलेल्या विमानाने जमीन उशिरा सोडली आणि धावपट्टीच्या टोकापलीकडच्या बीड रस्त्यावरून चाललेल्या कापसाच्या गाठींच्या ट्रकला ते धडकले. विमानातल्या ११८ पैकी ५५ जण मृत्युमुखी पडले. चौकशीत वैमानिकांचा दोष दाखवला गेला, आणि त्या रस्त्यावरची वाहतूक नियंत्रित न केल्याचा दोष विमानतळ सांभाळणाऱ्या यंत्रणेवरही ठेवला गेला. टोकाला मोकळे रान असते, तर तेच उशिराचे उड्डाण कदाचित वैमानिकाच्या कानउघाडणीवर निभावले असते. विमानतळाच्या खात्यावर टाकायचा अपघात तो हा.

काही अपघात मधल्या जातीचे असतात. १५ जानेवारी २०२३ रोजी पोखराजवळ ७२ जणांचा बळी घेणारा अपघात पंख्यांची नियंत्रणे चुकून ओढली गेल्यामुळे झाला. ती चूक कोठेही होऊ शकली असती. पण तो विमानतळ त्याच महिन्याच्या पहिल्या तारखेला सुरू झाला होता, आणि डोंगरांच्या कुशीतल्या नव्या विमानतळावर उतरताना वैमानिकांवर पडलेला कामाचा ताण अहवालाने सहायक कारणांत मोजला. अशा वेळी अर्धा दोष विमानतळाच्या नावे लिहावा, आणि तोही तेथील नवखेपण संपेपर्यंतच.

कागद कोठे मिळतात

प्रत्येक देश आपल्या विमानतळांची तांत्रिक माहिती ‘एआयपी’ नावाच्या प्रकाशनात देतो. भारताचे एआयपी भारतीय विमानतळ प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. त्यातल्या ‘एडी २’ या विभागात एकेका विमानतळाचे प्रकरण असते आणि सर्व देशांत त्याची मांडणी सारखीच असते, त्यामुळे मुंबईचे पान वाचता आले की काठमांडूचेही वाचता येते. २.६ मध्ये अग्निशमन दलाची श्रेणी, २.१० मध्ये अडथळे, २.१२ मध्ये धावपट्टीची मापे व उतार, २.१३ मध्ये जाहीर केलेली अंतरे, २.१९ मध्ये दिशादर्शक उपकरणे आणि २.२० पासून पुढे स्थानिक नियम व कार्यपद्धती असतात. पक्ष्यांबद्दलचा इशारा बहुधा २.२३ मध्ये सापडतो. याच्या जोडीला उपग्रहचित्र उघडे ठेवावे. धावपट्टीच्या दोन्ही टोकांपलीकडे काय आहे, हे कागदापेक्षा चित्रात लवकर कळते.

धावपट्टीची लांबी, आणि लांबी संपल्यावर

बातम्यांत छापली जाणारी लांबी ही डांबराची किंवा काँक्रीटची एकूण लांबी असते. उतरण्यासाठी उपयोगी पडते ती २.१३ मधली ‘उतरण्यासाठी उपलब्ध लांबी’. वाटेत झाड, मनोरा किंवा इमारत असेल, तर विमानाने धावपट्टीच्या तोंडाशी न टेकता पुढे टेकावे असे ठरवले जाते, आणि तेवढा तुकडा उतरण्याच्या हिशेबातून वजा होतो. पाटण्यात एका बाजूला सचिवालयाचा घड्याळ-मनोरा आणि दुसऱ्या बाजूला प्राणिसंग्रहालयातली झाडे आहेत. मुळातच आखूड असलेली तेथील धावपट्टी त्यामुळे आणखी आखूड होते.

मिळालेली लांबी पुरेशी आहे की नाही, हे समुद्रसपाटीपासूनची उंची आणि तापमान पाहिल्याखेरीज ठरवू नये. लेहचा विमानतळ १०,६८२ फूट उंचीवर आहे. तेथे हवा विरळ असल्याने पंखांना तेवढाच आधार मिळवण्यासाठी विमानाला समुद्रसपाटीच्या तुलनेत सुमारे १५ ते २० टक्के जास्त वेगाने धावावे लागते, शिवाय इंजिनाचा जोरही कमी पडतो. उन्हाळ्यात तापमान चढले की हवा आणखी विरळ होते. जुलै २०२४ मध्ये लेहची काही उड्डाणे निव्वळ उष्णतेमुळे रद्द झाली होती. लडाखमधले उकाड्याचे दिवस, हे वाचून कोकणातल्या माणसाला गंमत वाटेल, पण गणित अगदी सरळ आहे.

यानंतर संभाव्य चुकांचा हिशेब करावा. साधारण ३ अंशांच्या उताराने येणारे विमान धावपट्टीच्या तोंडाशी १० फूट जास्त उंच असेल, तर ते सुमारे ६० मीटर पुढे जाऊन टेकते. मागून वारा असेल आणि त्यामुळे जमिनीवरचा वेग दहा टक्क्यांनी वाढला, तर ब्रेकना जिरवावी लागणारी ऊर्जा २१ टक्क्यांनी वाढते, कारण ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. अशा दोन-तीन किरकोळ गोष्टी एकत्र आल्या की कागदावर मुबलक दिसणारी धावपट्टी संपून जाते.

मंगळूरला २२ मे २०१० रोजी हेच झाले. दुबईहून आलेले विमान २,४५० मीटरच्या धावपट्टीवर सुमारे ५,२०० फूट, म्हणजे जवळजवळ १,६०० मीटर, आत जाऊन टेकले. सहवैमानिकाने उतरणे सोडून पुन्हा वर जाण्याचा इशारा दिला होता. विमान टोकापलीकडे गेले, दिशादर्शक अँटेनाच्या काँक्रीटच्या बांधणीला त्याचा पंख आपटला आणि ते दरीत कोसळले. १५८ माणसे गेली, ८ वाचली. कोझिकोडला ७ ऑगस्ट २०२० रोजी पाऊस होता, मागून वारा होता, मुख्य वैमानिकाच्या बाजूचा वायपर चालत नव्हता आणि विमान धावपट्टीच्या मध्यावर टेकले. २१ जणांचा मृत्यू झाला. दोन्ही ठिकाणी मूळ चूक वैमानिकांची ठरली. पण दोन्ही धावपट्ट्या टेबलटॉप, म्हणजे टेकडीचा माथा कापून केलेल्या आहेत, आणि म्हणूनच त्या चुकीची किंमत इतकी मोठी झाली. १ जुलै २०१९ रोजी मुंबईत भर पावसात एक विमान मुख्य धावपट्टी ओलांडून चिखलात रुतले. ती धावपट्टी काही दिवस बंद राहिली आणि प्रवाशांचे हाल झाले, पण जीव कोणाचाही गेला नाही. चूक एकाच जातीची असताना परिणामात एवढे अंतर पडते, आणि विमानतळांच्या तुलनेत मोजायचे ते नेमके हेच अंतर.

पुढे गेलेले विमान सावरावे म्हणून टोकापलीकडे मोकळ्या ठेवलेल्या जागेला ‘रेसा’ म्हणतात. आयकाओच्या नियमांनुसार मोठ्या विमानांच्या धावपट्टीसाठी, ६० मीटरच्या पट्टीनंतर, किमान ९० मीटरचा रेसा बंधनकारक आहे आणि २४० मीटरची शिफारस आहे. बंधन आणि शिफारस यांच्यात १५० मीटरचा फरक आहे हे लक्षात ठेवावे. ‘नियम पाळलेले आहेत’ या एका वाक्यात हा सगळा फरक झाकला जातो. मंगळूरला २०१० साली ९० मीटर होता. जागाच नसेल, तर चाकांखाली चुरडणाऱ्या हलक्या काँक्रीटच्या ठोकळ्यांचा थर टोकाला घालता येतो. शिकागोच्या मिडवे विमानतळावर डिसेंबर २००५ मध्ये बर्फात विमान कुंपण तोडून रस्त्यावर गेले आणि एका मोटारीतला मुलगा मरण पावला. त्यानंतर तेथे असे ठोकळे बसवण्यात आले.

रेसाच्या पुढे काय उभे आहे, तेही पाहावे. २९ डिसेंबर २०२४ रोजी दक्षिण कोरियातल्या मुआन येथे चाके न उघडता पोटावर घसरत आलेले विमान टोकापासून सुमारे अडीचशे मीटरवरच्या एका मातीच्या बांधावर आदळले. त्या बांधाच्या आत दिशादर्शक अँटेनासाठी काँक्रीट होते. १८१ पैकी दोघेच वाचले. असे आधार धडकेत मोडून पडतील इतके कच्चे असावेत, हे तत्त्व विमान वाहतुकीत जुने आहे. मंगळूरच्या अपघातात काँक्रीटच्या बांधणीने काय केले ते त्याच्या चौदा वर्षे आधी दिसले होते; तरीही एवढ्या साध्या दुरुस्तीला जगभर इतका वेळ का लागावा, हे मला उमगलेले नाही.

ओली धावपट्टी

महाराष्ट्र, गोवा आणि केरळ यांच्या बाबतीत हा मुद्दा वर्षातले चार महिने पहिल्या क्रमांकाचा असतो. पाणी निचरून जावे म्हणून धावपट्टीला आडवे खाचे पाडतात आणि टेकण्याच्या जागी साचलेला टायरांच्या रबराचा थर वेळोवेळी खरवडतात. ब्राझीलच्या साओ पाउलो शहरातल्या काँगोन्यास विमानतळावर धावपट्टीचे नूतनीकरण झाले, पण खाचे पाडण्याआधीच ती वापरात आली. १७ जुलै २००७ रोजी पावसात उतरलेले विमान तेथे थांबू शकले नाही आणि रस्ता ओलांडून इमारतीवर आदळले. १९९ बळी गेले. इंजिनाच्या जोराची एक कळ चुकीच्या जागी राहिली होती हे खरे; पण धावपट्टी १,९४० मीटरचीच होती आणि पलीकडे शहर होते.

नोव्हेंबर २०२१ पासून धावपट्टीची स्थिती जगभर ० ते ६ अशा एकाच मापाने कळवतात. ६ म्हणजे कोरडी, ५ म्हणजे ओली, आणि पाणी ३ मिलिमीटरहून जास्त साचले तर आकडा २ वर येतो. तुलना करताना हे माप प्रत्यक्ष घेतले जाते का, आणि पावसाळ्यापूर्वीच्या दुरुस्तीसाठी धावपट्टी नेमाने बंद ठेवली जाते का, ते पाहावे. मुंबईत दर मे महिन्यात काही तासांसाठी धावपट्ट्या बंद झाल्या की प्रवासी कुरकुरतात, पण ही बंदी चांगल्या कारभाराची खूण आहे.

डोंगर, धुके आणि उतरण्याची वाट

येथे दोन गोष्टी तपासायच्या. पहिली म्हणजे, विमान सरळ रेषेत आणि सौम्य उताराने येऊ शकते का. काठमांडू डोंगरांच्या वाडग्यात आहे. दक्षिणेकडून येताना रांग ओलांडून पायऱ्यापायऱ्यांनी आणि नेहमीपेक्षा तीव्र उताराने खाली यावे लागते. २८ सप्टेंबर १९९२ रोजी पाकिस्तानचे विमान यांतली एक पायरी आधीच उतरले आणि डोंगरावर आदळून १६७ जण गेले. त्याच्या दोन महिने आधी थायलंडचे विमान दिशा चुकून उत्तरेकडच्या डोंगरावर आदळले होते. येथे धावपट्टीची लांबी पुरेशी आहे; सवड कमी आहे ती वाटेत. लुक्लाला तर धावपट्टी ५२७ मीटरची आणि जवळजवळ १२ टक्के चढाची आहे, समोर डोंगर आहे, त्यामुळे शेवटच्या टप्प्यात आलेल्या विमानाला परत वर जाता येत नाही. वैमानिकाच्या हातातला सर्वांत मोठा उपाय म्हणजे उतरणे सोडून पुन्हा वर जाणे, आणि तोच जेथे उरत नाही, तो विमानतळ माझ्या लेखी सर्वांत वरच्या धोक्याच्या गटात जातो.

दुसरी गोष्ट म्हणजे यंत्रांची साथ. आयएलएस ही रेडिओ-किरणांनी वाट दाखवणारी प्रणाली असेल, तर साध्या प्रकारातही वैमानिक धावपट्टी न दिसता २०० फुटांपर्यंत खाली येऊ शकतो. ती नसेल, तर नुसत्या नजरेवर भिस्त ठेवावी लागते, आणि नजर फसते. जुहू आणि सांताक्रूझ यांच्या मुख्य धावपट्ट्यांची दिशा जवळजवळ सारखी आहे. २४ सप्टेंबर १९७२ रोजी जपानचे एक डीसी-८ सांताक्रूझ समजून चक्क जुहूच्या चिमुकल्या धावपट्टीवर उतरले, आणि १९५३ साली एका ब्रिटिश कॉमेट विमानानेही तेच केले होते.

यंत्रे नसलेल्या विमानतळावर उड्डाणे रद्द झाली, तर ती बाब त्याच्या विरोधात धरू नये. नोव्हेंबर २०१९ मध्ये शिर्डीला दृश्यमानता घटल्यामुळे बरेच दिवस विमाने उतरली नाहीत. साईभक्तांची गैरसोय झाली, पण व्यवस्थेने करायला हवे होते तेच केले. अपुऱ्या यंत्रणेवर, उशीर नको म्हणून, विमाने उतरवणारा विमानतळ खरा घातक असतो.

नियम धोका किती कमी करतात

पारोला उड्डाणे फक्त दिवसा आणि डोळ्यांना सर्व दिसत असतानाच होतात, आणि त्यासाठी खास प्रशिक्षण घेतलेले मोजकेच वैमानिक असतात. रोज तोच घाट चढणारा एसटीचा चालक आणि पहिल्यांदाच रात्री त्या घाटात शिरलेला पाहुणा, यांच्यात जो फरक असतो, तोच येथे नियमाने पक्का केलेला आहे. फुंशालला १९ नोव्हेंबर १९७७ रोजी १,६०० मीटरच्या धावपट्टीवरून विमान घसरून १३१ जण गेले. त्यानंतर धावपट्टी टप्प्याटप्प्याने वाढवली गेली आणि २००० साली समुद्रकाठच्या उंच खांबांवर २,७८१ मीटरपर्यंत नेली गेली. शिवाय वाऱ्याची मर्यादा ओलांडली की उतरण्यास मनाई आहे, आणि मुख्य वैमानिकाला वेगळे प्रशिक्षण लागते. मंगळूर आणि कोझिकोडसारख्या ठिकाणी विमान उतरवण्याचे काम सहवैमानिकाकडे देता येत नाही, हा भारतातला नियमही याच जातीचा.

मात्र नियम आणि त्याची अंमलबजावणी या वेगळ्या नोंदी आहेत. मुंबईभोवतीच्या इमारतींची उंची रंगीत नकाशांनी ठरवून दिलेली असताना, जुलै २०२२ मध्ये ४८ इमारतींचे जादा मजले पाडण्याचे आदेश मुंबई उच्च न्यायालयाला द्यावे लागले.

वर्दळ, वाहने, पक्षी

लिनातेने दाखवलेला धोका डोंगराळ विमानतळांपेक्षा गजबजलेल्या विमानतळांवर जास्त असतो. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून व्यवहारात एका वेळी एकच वापरता येते आणि तीवर दिवसाला सुमारे नऊशे उड्डाणे-उतरणी होतात. ८ जून २०२४ रोजी एक विमान उतरत असताना दुसरे त्याच धावपट्टीवरून अजून उडत होते. पुण्याचा लोहगाव तळ हवाई दलाचा आहे. १५ फेब्रुवारी २०२० रोजी तेथे धावत्या प्रवासी विमानासमोर जीप आली, वैमानिकाने वेळेआधी विमान उचलले आणि मागचा भाग घासूनही ते दिल्लीला सुखरूप उतरले. अशा प्रसंगात कोणी मरत नाही, म्हणून ते अपघातांच्या यादीत येत नाहीत. तुलनेसाठी मात्र ते सोन्यासारखे असतात. टोकियोच्या हानेदा विमानतळावर २ जानेवारी २०२४ रोजी उतरणारे विमान धावपट्टीवर थांबलेल्या तटरक्षक दलाच्या विमानाला धडकले, तेव्हा वाहने व विमाने अडवणारे लाल दिवे दुरुस्तीसाठी बंद होते. जमिनीवरचे रडार आणि हे दिवे चालू आहेत का, हे ‘नोटॅम’ नावाच्या तात्पुरत्या सूचनांत कळते.

पक्ष्यांबाबत आसपासचे पाणथळ भाग, कचराडेपो आणि कत्तलखाने पाहावेत. मे २०२४ मध्ये मुंबईत उतरू पाहणाऱ्या विमानाने घाटकोपरवर रोहित पक्ष्यांचा थवा उडवला आणि तीसहून अधिक पक्षी मेले, विमान उतरले. खाडीकाठच्या नवी मुंबई विमानतळाच्या नोंदीत हा रकाना ठळक ठेवावा.

तुलना प्रत्यक्ष मांडताना

विमानतळाला एकच गुण देऊ नयेत. आधी विमान, ऋतू आणि वेळ ठरवावी. मगच मापे बोलू लागतात. समजा, जुलैतल्या रात्री एकाच प्रकारच्या जेट विमानाने मुंबई आणि कोझिकोड येथे उतरायचे आहे. लांबीत मुंबई सरस आहे, कारण तिची मुख्य धावपट्टी सुमारे ३,४५० मीटर आहे आणि कोझिकोडची अपघाताच्या वेळी २,७०० मीटर होती. टोकाशी मुंबईत चिखल व कुंपण आहे, कोझिकोडला उतार. पाऊस दोन्हीकडे सारखाच. वर्दळीत मात्र मुंबई उणी पडते, आणि हवामान बिघडल्यावर आकाशात वाट पाहणारी रांगही तेथेच लांब असते. निष्कर्ष असा निघतो की विमान पुढे जाऊन टेकले तर मुंबईत सवड जास्त आहे, आणि हवाई वाहतूक नियंत्रकाची चूक झाली तर कोझिकोडला. जानेवारीतल्या कोरड्या सकाळी हेच कोष्टक केले, तर पहिला फरक बराच आक्रसतो.

शेवटचा रकाना बचावाचा. अग्निशमन दलाची श्रेणी तेथे येणाऱ्या सर्वांत मोठ्या विमानाच्या लांबी-रुंदीशी जुळली पाहिजे आणि पहिला बंब धावपट्टीच्या कोणत्याही भागात तीन मिनिटांच्या आत पोचला पाहिजे. हानेदाला प्रवासी विमानातले ३७९ जण जिवंत बाहेर पडले, त्यात सामान आत सोडून निघालेल्या प्रवाशांचा आणि कर्मचाऱ्यांच्या सरावाचा वाटा मोठा होता.

प्रवासी म्हणून यातून काही निवडी हाती येतात. लेह किंवा काठमांडूसाठी सकाळचे विमान घ्यावे, कारण दुपारी वारे उठतात. पावसाळ्यात टेबलटॉप धावपट्टीवर जाताना पुढची गाडी किंवा लग्नाचा मुहूर्त इतका जवळ ठेवू नये की विमान दुसरीकडे वळवले म्हणून कर्मचाऱ्यांशी हुज्जत घालावी लागेल. विमान पुन्हा वर गेले, तर वैमानिकाने सवड राखली असे समजावे.

केलेल्या प्रत्येक नोंदीवर तारीख घालावी. एआयपीतील बदल २८ दिवसांच्या ठरावीक चक्राने येतात, नोटॅम तर रोज बदलतात, आणि रेसा वाढवण्यासाठी धावपट्टीच कमी करणे किंवा आयएलएस दुरुस्तीसाठी काढून ठेवणे असे बदल मधल्या काळात होत राहतात. म्हणून प्रवासाच्या आठवड्यात २.१३ आणि २.१९ हे दोन उतारे नोटॅमसह पुन्हा वाचून कोष्टकातले आकडे दुरुस्त करावेत.